पार्ट बदलला आणि मशीन उठेना : एक आढावा

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, सिक्युअर बूटची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावात सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, शाळा, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र अशा ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या पिढीचे प्रोसेसर आणि एच६१, एच८१ बोर्ड असलेली असेम्बल केलेली मशीन अजून दिसतात. नवं मशीन परवडत नाही. मग माणूस रॅम वाढवतो, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतो, नाहीतर हिंगोली-नांदेडहून वापरलेला बोर्ड आणून टाकतो. कॅबिनेट बंद होतं, बटण दाबलं जातं, पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही.

पीक विम्याची शेवटची तारीख किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तोंडावर असताना हे घडलं तर नुकसान केंद्रचालकापुरतं राहत नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, अर्ज यांसाठी खेड्यावरून आलेल्या माणसाची फेरी आणि त्या दिवसाची मजुरी वाया जाते. म्हणून या बिघाडाचा नीट आढावा घ्यायला हवा.

इथे सगळ्यात महाग पडतो तो घाईने दिलेला एकच निकाल : ‘बोर्ड गेला.’ चालता चालता बंद पडलेलं मशीन आणि पार्ट बदलल्यावर न उठलेलं मशीन ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्यात दोष कुठेही असू शकतो. दुसऱ्यात मशीन शेवटचं कसं चालत होतं हे आपल्याला ठाऊक असतं आणि हात कुठे कुठे लागला हेही ठाऊक असतं. दोष बहुतेक वेळा त्या हाताच्या वाटेवरच सापडतो.

मशीन कुठवर पोचलं?

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंतचा क्रम ठरलेला आहे. मशीन बंद असतानाही एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डाला पाच व्होल्टचा जागता पुरवठा देत असतो. बटण दाबलं की बोर्ड एसएमपीएसला मुख्य पुरवठा सुरू करायला सांगतो. व्होल्टेज स्थिर झाल्यावर एसएमपीएस ‘वीज ठीक आहे’ असा संकेत परत पाठवतो आणि तेव्हाच प्रोसेसर जागा होतो. तो बोर्डावरच्या छोट्या चिपमधला बायोस किंवा यूईएफआय वाचायला लागतो. पुढे रॅमची ओळख, मग ग्राफिक, मग डिस्क, मग डिस्कवरचा बूट लोडर आणि शेवटी विंडोज.

म्हणून तक्रार ऐकताना पहिला प्रश्न ‘काय झालं’ असा नको, ‘कुठवर गेलं’ असा हवा. त्याची पाच उत्तरं संभवतात. काहीच हलत नाही, ना पंखा ना दिवा. पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही. डिस्प्ले येतो पण बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येतो. विंडोजचं चिन्ह दिसतं आणि निळा पडदा येतो किंवा मशीन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होतं. आणि पाचवं, अलीकडे वाढलेलं : सगळं ठीक दिसतं, पण मशीन ४८ अंकी की मागतं. प्रत्येक उत्तराचे संशयित वेगळे आहेत. बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणणाऱ्या मशीनची रॅम घासत बसणं किंवा डिस्प्ले नसलेल्या मशीनवर ‘विंडो मारायला’ निघणं, दोन्ही वेळ घालवण्याचे प्रकार आहेत.

मशीन स्वतःही बोलतं. जुन्या बोर्डावर चार पिनांचा छोटा स्पीकर लावला तर एक छोटा बीप म्हणजे प्राथमिक तपासणी पार पडली. रॅम सापडली नाही तर बहुतेक बोर्ड लांब, पुन्हा पुन्हा वाजणारे बीप देतात. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार दिवे असतात. जो लागून राहतो, त्या टप्प्यावर गाडी अडली आहे. लॅपटॉपमध्ये चार्जिंगचा किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या बऱ्याच मॉडेलांची दुरुस्ती पुस्तिका मोफत देतात आणि लुकलुकण्याचे अर्थ त्यात किंवा कंपनीच्या मदत-पानावर मिळतात. ही पुस्तिका उघडून न बघता लॅपटॉप उघडणं चुकीचं आहे.

वीज : आधी इथे बघा

काहीच हलत नसेल तर बहुतेकदा कारण साधं असतं. चोवीस पिनांचा मुख्य कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर लावायचा राहतो. तो नसेल तर पंखा फिरतो आणि पुढे काहीच होत नाही, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत राहतो. पॉवर बटणाची बारीक वायर एक पिन सरकलेली असते. बोर्ड बदलला असेल तर कॅबिनेटमधल्या पितळी स्टँड तपासाव्यात. नव्या बोर्डाला भोक नसलेल्या जागी जुन्या बोर्डाची स्टँड राहिली असेल तर ती खालून टेकते आणि शॉर्ट होतं. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि चालू झाला, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे हे लगेच कळतं.

ग्राफिक कार्ड टाकल्यावर मशीन बंद होत असेल तर आकडे मांडून बघावे लागतात. पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या वायरमधून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरमधून १५०. स्वस्त एसएमपीएसच्या स्टिकरवरचा ४५० चा आकडा वाचून समाधान मानू नये, १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर दिले आहेत ते वाचावं. मल्टिमीटरवर ही रांग ११.४ ते १२.६ च्या आत असायला हवी. मात्र एसएमपीएस स्वतः उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतकी वीज राहू शकते.

मराठवाड्यात याला दोन गोष्टींची जोड आहे. पहिली अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पार्ट बदलण्याआधी वायरमनला बोलवावं. दुसरी कोरड्या हवेतल्या स्थिर विजेची. अंगातून उडालेली ठिणगी जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. नाजूक चिप त्याच्या कितीतरी खाली बिघडते, म्हणजे काही जाणवलं नाही तरी रॅम गेलेली असू शकते. काम करताना मशीनची वायर काढावी, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावावा आणि रॅम कडेने धरावी. लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढावा. काही लॅपटॉप तो परत लावल्यावर चार्जर जोडेपर्यंत बटणाला दादच देत नाहीत. ते मेलेले नसतात.

रॅम आणि खोडरबर

‘रॅम काढून घासून लाव’ हा आपल्याकडचा पहिला सल्ला, आणि तो पुष्कळदा लागूही पडतो. धूळ आणि दमटपणा यांनी सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, संपर्क तुटतो. पण गुण घासण्याचा असतो की नुसतं काढून नीट बसवण्याचा, हे कुणी वेगळं करून बघत नाही. आधी फक्त काढून, दोन्ही कडांचे लॉक वाजेपर्यंत दाबून बसवावी. तेवढ्याने भागलं नाही तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरावं. खोडरबराने पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि त्याचे कण स्लॉटमध्ये जातात. तो शेवटचा उपाय ठेवावा.

नवी रॅम टाकल्यावर मशीन अडलं तर जुळणी तपासावी. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. फक्त कमी व्होल्टची रॅम घेणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ बसते, पण मशीन उठत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी आहे. जोर लावून बसवणं म्हणजे स्लॉट तोडणं. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच पट्ट्या लावायच्या असतील तर बहुतेक कंपन्या प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट सुचवतात. डीडीआर५ चं मशीन नव्या रॅमसकट पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची जुळवणी करतं. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. या मिनिटांत घाबरून वीज बंद केली तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

प्रोसेसर, बायोस आणि डिस्प्ले

प्रोसेसर बदलताना ‘सॉकेटमध्ये बसतो म्हणजे चालतो’ ही समजूत सगळ्यात जास्त फसवते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचं आणि आठव्या-नवव्या पिढीचं सॉकेट एकाच नावाचं, एलजीए ११५१. पण पहिल्या जोडीला १०० किंवा २०० मालिकेचा बोर्ड लागतो, दुसऱ्या जोडीला ३०० मालिकेचा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर कित्येक पिढ्या चालतात, मात्र बोर्डावरच्या बायोसला नव्या पिढीची ओळख असावी लागते. २०१८ साली ही अडचण इतकी वाढली की एएमडीने ग्राहकांना बायोस अपडेट करण्यापुरता जुना प्रोसेसर उसना द्यायची सोय केली होती. धडा सरळ आहे : बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचा, नंतर नाही. आणि तो करताना इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच. मध्येच वीज गेली तर बोर्ड खरोखर जाऊ शकतो.

डिस्प्ले न येण्याची दोन कारणं हमखास नजरेतून सुटतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ आहे, त्यात ग्राफिक नसतंच. बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये वायर घालून कितीही वाट पाहिली तरी काही दिसणार नाही. दुसरं, वेगळं ग्राफिक कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर जुन्या सवयीने बोर्डालाच लावली जाते.

मशीन न उठण्यात बायोसच्या सेटिंग जपणाऱ्या सीएमओएसचाही हात असतो. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल तीन व्होल्टचा. तो उतरला की तारीख मागे जाते, बायोसच्या सेटिंग मूळ पदावर येतात आणि काल सुरू होणारं मशीन आज वेगळ्याच पद्धतीने बूट व्हायला बघतं. तारीख चुकली की सरकारी पोर्टलही सुरक्षेची तक्रार करून उघडत नाहीत. लोक मग नेटला दोष देतात. रॅम किंवा प्रोसेसर बदलल्यावर सीएमओएस क्लिअर करणं हा चांगला उपाय आहे, पण आधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

डिस्क : माहिती इथे आहे

सगळ्यात जास्त काळजी इथे हवी, कारण बोर्ड पुन्हा मिळतो, माहिती मिळत नाही. जुन्या बोर्डावरची डिस्क नव्या बोर्डाला लावली आणि मशीन म्हणालं की बूट डिव्हाइस नाही, तर बहुतेकदा डिस्क शाबूत असते. भांडण बूटच्या दोन पद्धतींमध्ये असतं. जुनी विंडोज एमबीआर मांडणीवर आणि लेगसी पद्धतीने बसवलेली, नवा बोर्ड फक्त यूईएफआय मानणारा. अशा वेळी बायोसमध्ये सीएसएमची, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करण्याची, सोय असेल तर ती चालू करून डिस्क उठते का बघावं. कायमचा उपाय म्हणजे मांडणी जीपीटी करणं. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून त्यासाठीचं साधन विंडोजमध्येच आहे आणि ते माहिती न पुसता काम करतं. तरीही बॅकअपशिवाय त्याला हात लावू नये.

विंडोजचं चिन्ह येऊन निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसलं तर संशय साटाच्या मोडवर घ्यावा. जुन्या बोर्डावर एएचसीआय असेल आणि नव्यावर रेड, किंवा उलट, तर विंडोजला डिस्कपर्यंतचा ड्रायव्हर सापडत नाही. मोड आधीसारखा केला की मशीन उठतं. मोड बदलायचाच असेल तर विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगून मग बदलावा.

तिसरा प्रकार दोन डिस्कच्या मशीनमध्ये दिसतो. एसएसडीवर विंडोज बसवताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच असते आणि बूटची छोटी फाइल-जागा त्या जुन्या डिस्कवरच राहते. पुढे कधीतरी हार्ड डिस्क काढली की विंडोज असूनही मशीन उठत नाही. म्हणून नवी विंडोज बसवताना एकच डिस्क जोडलेली ठेवावी. एम.२ एसएसडी घेतानाही विचारून घ्यावं : साटा की एनव्हीएमई? दोन्ही दिसायला सारख्या, पण स्लॉट एकाच प्रकारचा असेल तर दुसरी ओळखली जात नाही. एच६१ सारखे जुने बोर्ड एनव्हीएमईवरून आपणहून बूट होत नाहीत. त्यांना साधी साटा एसएसडीच योग्य.

आता ४८ अंकांची गोष्ट. बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद असेल तर किल्ली बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएमशी बांधलेली असते. बोर्ड बदलला, टीपीएम पुसला, काही वेळा बायोस अपडेट केला तरी विंडोज रिकव्हरी की मागते. एएमडीचा प्रोसेसर बदलल्यावर पहिल्याच पडद्यावर टीपीएम नव्याने सुरू करायचा का, असा प्रश्न येतो. तिथे न वाचता ‘वाय’ दाबलं तर जुनी किल्ली जाते. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने बसवलेल्या बहुतेक मशीनवर हे कुलूप आपोआप लागतं, त्यामुळे मालकाला त्याचा पत्ताही नसतो. की त्या खात्यात मिळते. पण सेवा केंद्राचं मशीन बसवताना कुणाचा ईमेल टाकला होता हेच आठवत नसेल, तर कुठलाही मेकॅनिक ती माहिती परत आणू शकत नाही.

पद्धतींचा ताळा

दुरुस्तीच्या चार चालीरीती दिसतात. घासून-बसवून बघणारे, एकेक पार्ट दुसऱ्या चालू मशीनमधला लावून बघणारे, सगळं काढून किमान पार्टवर सुरू करणारे आणि थेट फॉरमॅट मारणारे. पहिली पद्धत स्वस्त आहे, पण दोष कुठे होता हे सांगत नाही. दुसरी वेगवान आहे, मात्र हाताशी चालू पार्ट लागतात, आणि दोष एसएमपीएसचा असेल तर चांगला पार्टही त्यात बळी जाऊ शकतो. चौथी माझ्या मते शेवटची, आणि चौकशी न करता केली तर अन्यायाची. तिसरी सगळ्यात भरवशाची : बोर्ड, प्रोसेसर, पंखा, एक रॅम, एसएमपीएस आणि डिस्प्ले, एवढंच ठेवायचं. चालू झालं की एकेक पार्ट वाढवत जायचं आणि जिथे अडलं तिथे थांबायचं. पण त्याच्याही आधी एक पायरी आहे, ती लोक विसरतात. जुना पार्ट परत लावून बघा. मशीन पूर्ववत उठलं तर दोष नव्या पार्टात किंवा त्याच्या जुळणीत आहे. जुना लावूनही उठलं नाही तर काम करताना कुठेतरी धक्का लागला आहे. एका तपासणीत निम्मे संशयित बाद होतात.

हीच शिस्त विज्ञानातल्या फार मोठ्या यंत्रांनाही लागते, आणि तसं एक यंत्र औंढ्याच्याच परिसरात उभं राहत आहे. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या वेधशाळेत मूळ अमेरिकेतल्या हॅनफर्डसाठी बनवलेले भाग बसवायचे आहेत. अमेरिकेतल्या लायगोने २०१० नंतर जुनी उपकरणं काढून नवी बसवली, एकेक उपयंत्रणा स्वतंत्र चालवून पाहिली आणि मग जोडली. नव्या यंत्राची पहिली निरीक्षणं २०१५ च्या सप्टेंबरमध्ये आली. तिथे कुणी काय बदललं, कधी बदललं, परिणाम काय झाला, हे रोज नोंदवहीत लिहिलं जातं आणि ती नोंदवही जगात कुणालाही वाचता येते. सेवा केंद्रातलं मशीन त्यापुढे लहान आहे, पण नोंद ठेवायला दहा रुपयांची वही पुरते.

२००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लाखो मराठी माणसांना संगणक वापरायला शिकवलं. आता कॅबिनेटच्या आत बघायलाही तालुक्या-तालुक्यात शिकवायला हवं. हे ज्ञान गावात असलं तर चांगला बोर्ड भंगारात जाणार नाही, ई-कचरा कमी होईल आणि मुदतीच्या दिवशी रांग अडणार नाही.

म्हणून प्रत्येक केंद्रचालकाला आणि दुकानदाराला कळकळीची विनंती : कॅबिनेट उघडण्याआधी बॅकअप घ्या, बिटलॉकरची की कागदावर लिहून ठेवा आणि बायोसचे फोटो काढा. एका वेळी एकच पार्ट बदला. नवा पार्ट आठवडाभर नीट चालल्याशिवाय जुना विकू नका. आणि कुणी ‘बोर्ड गेला’ म्हणालं तर त्याला एवढंच विचारा : मशीन कुठवर गेलं होतं, आणि जुना पार्ट परत लावून पाहिला का? या दोन प्रश्नांचं उत्तर मिळेपर्यंत नव्या बोर्डाचे पैसे देऊ नका.